सरळ मराठीत

"'ब्लंट ॲब्डॉमिनल ट्रॉमा, स्प्लेनिक रप्चर.' हे वाचकाला काय कळणार, कुंदाताई?" संपादकबाईंनी कुंदाच्या आजारपणाच्या पुस्तकाचं पहिलंच पान पुढे सरकवलं. "सरळ मराठीत लिहा."

"डॉक्टरांचेच शब्द राहू द्या," शेजारी बसलेला नवरा म्हणाला. "पुस्तकाला वजन येतं."

कुंदाने पेन्सिल उचलली. तिला स्वयंपाकघरातली फरशी दिसली. सांडलेल्या वरणात तिचा दात पडला होता. तो उचलायला ती वाकली, तेव्हा बुटाचं टोक पोटात शिरलं होतं. तीन वेळा. तिने डॉक्टरांची ओळ खोडली आणि वर लिहिलं, 'पोटात लाथ बसली. प्लीहा फुटली.'

"ही जिन्यावरून पडली होती," नवरा घाईने म्हणाला. टेबलाखाली त्याच्या बुटाने तिचं पाऊल करकचून दाबलं.

संपादकबाईंनी 'बसली'वर बोट ठेवलं. "लाथ आपोआप बसत नाही. वाक्याला कर्ता हवा."

पाऊल न सोडवताच कुंदाने 'बसली'चं 'मारली' केलं आणि वाक्याच्या सुरुवातीला दोन शब्द घातले, 'माझ्या नवऱ्याने'.

संपादकबाईंनी ओळ सावकाश, मोठ्याने वाचली. मग त्या नवऱ्याकडे वळल्या.

"आता आलं वजन."