अण्णांचा पुढचा दात

अण्णांनी क्लॅरिनेट ओठांना लावलं, पण फुंकर मारताच पुढचा दात हलला आणि कळ थेट मस्तकात गेली. तसेच उठून ते लेकीच्या दातांच्या कॉलेजात गेले.

हिरडीत बसवली की हळूहळू विरघळत औषध सोडणारी, नखाएवढी फिल्म तिने शोधली होती. तिची रुग्णांवर चाचणी चालू होती आणि त्यांत अण्णाही होते. "आमच्या शलाकाचं औषध चालू आहे," असं अण्णा बँडपार्टीत छाती फुगवून सांगायचे. दुखणं वाढलं तरी दुसऱ्या डॉक्टरची पायरी चढले नाहीत. लग्नाच्या सुपाऱ्या सोडल्या, पण तिच्याकडची तपासणी कधी चुकवली नाही.

तिने दात हलवून पाहिला. "काढावाच लागेल."

"तुझ्या औषधाने सगळ्यांना गुण आला, मग मलाच कसा नाही गं?"

"तुमच्या फिल्ममध्ये औषध नव्हतं, अण्णा. तुलनेसाठी काहींना कोरी लावावी लागते."

"चिठ्ठ्या टाकून ठरवता ना? आली असेल माझ्या नशिबी कोरी," अण्णाच तिची समजूत घालू लागले.

"चिठ्ठी नव्हती. मीच लावली," ती मान खाली घालून म्हणाली. "गुण आला नाही की लोक यायचे थांबतात. तुम्ही थांबणार नाही, हे मला माहीत होतं."