निळी खुर्ची

"गुडघ्याच्या सांध्यातली गादी झिजली आहे. रोज व्यायाम करा, पण मांडी घालून बसणं सोडा," डॉक्टरांनी धम्मपाल सरांना बजावलं होतं. रविवारी चिकलठाण्याच्या विहारात सगळे सतरंजीवर बसले. वंदना घेणारे सर मात्र भिंत धरून उभेच राहिले. शेवटी ओशाळून त्यांनी विहाराची देखभाल करणाऱ्या सुलेखाला विचारलं, "एखादी खुर्ची आहे का, ताई?"

"हाय की." तिनं आतून निळी खुर्ची आणली, पदरानं धूळ पुसली. "मायनं सोतासाठी आणली व्हती. तुम्हीच म्हणले व्हते, बुद्धासमोर खुर्ची शोभत नाय. तवापासून माय घरीच वंदना म्हणती."

तिनं खुर्ची सरांपुढे सरकवली.

"बसा ना, सर. तिचेबी गुडघेच दुखत व्हते."

सरांना उभं राहवेना आणि बसवेनाही.