बिनसायीचं दही

वजनाचा काटा थरथरला आणि मागच्या महिन्याच्याच आकड्यावर येऊन थांबला. म्बिथे खाली उतरेना. जरा वेळ उभं राहिलं तर कमी भरेल, असं तिला उगाच वाटत होतं.

"चोरून काही खाता का?" डॉक्टर नफुलांनी विचारलं.

"लेकरांची शपथ, नाही." तिने फोन पुढे केला. रोजच्या घासाघासाच्या कॅलरी त्यात मांडलेल्या होत्या. सकाळी पपई, दुपारी सॅलड, रात्री सॅलड. मक्याच्या पिठाच्या उगालीला तिने किती दिवसांत हात लावला नव्हता. आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं दुःखही नव्हतं. सॅलड तिचा दादा मुसेम्बी करायचा. मूत्रपिंडं निकामी होईपर्यंत तो नैरोबीतल्या एका हॉटेलात आचारी होता. आता तो माचाकोसला तिच्याच घरी राहत होता. साधा कोबी, काकडी, टोमॅटो, वर मिरची-कोथिंबीर आणि त्याने घुसळलेलं बिनसायीचं दही. म्बिथे बोटाने वाटी पुसून खायची. त्याला स्वतःला पथ्यामुळे टोमॅटो वर्ज्य, त्यामुळे चव घेता यायची नाही. सुजलेल्या पायांवर उभा राहून तो विचारायचा, "कसं झालंय गं?"

ती त्याला आपलं एक मूत्रपिंड देणार होती. पण वजन उतरल्याशिवाय तिला ऑपरेशनच्या टेबलावर घ्यायला डॉक्टर तयार नव्हते. इकडे डायलिसिसच्या यंत्रावर जाऊन जाऊन मुसेम्बीच्या हातातल्या शिरा सुईला दाद देईनाशा झाल्या होत्या.

डॉक्टरांनी उठून दार लोटलं. "हे बघा, तुम्हाला किडनी द्यायची नसेल तर तसं मोकळेपणी सांगा. घरी आम्ही फक्त वैद्यकीय कारण कळवू. खरं काय ते या खोलीबाहेर जाणार नाही."

धाकटीच्या बाळंतपणात पोट फाडलं तेव्हाचं म्बिथेला आठवलं. रक्त थांबत नव्हतं. डोक्यावरचा दिवा लांब लांब जात होता, आणि कुणीतरी कुणाला तरी ओरडून पळायला सांगत होतं. तेव्हापासून दवाखान्याच्या वासानेही तिला तो दिवा दिसायचा. हे ती कुणापाशी बोलली नव्हती. "द्यायचीच आहे," असं म्हणायला तिने तोंड उघडलं.

"मला फार भीती वाटते," ती म्हणाली.

"मग नाव काढू?"

तिने होकाराची मान हलवली.

घरी जायला मटाटूत, त्या भाड्याच्या व्हॅनमध्ये, चढताना दारातला पोऱ्या ओरडला, "मावशी, मधोमध बसा! गाडीचा तोल राहील!" सगळे हसले. म्बिथेही हसली, मोठ्याने. मग तिच्या लक्षात आलं की आपण किती दिवसांनी हसतोय, आणि कशामुळे: नाव निघालं म्हणून. दादाला काय सांगायचं? वजन उतरत नाही म्हणून नाव काढलं, एवढंच. खोटं थोडंच होतं?

ती संध्याकाळशिवाय येत नाही, असं तो धरून होता. मागचं दार उघडंच होतं. मुसेम्बी ओट्याला पोट टेकून उभा होता. समोर दह्याचं भांडं. त्यात त्याने वाटीभर घट्ट साय लोटली, बाटलीतून तेलाची धार सोडली आणि घुसळायला लागला. तेल पार जिरून गेलं. मग लिंबू पिळलं. दही पुन्हा नेहमीसारखं पांढरं, पातळ दिसू लागलं.

"दादा."

त्याच्या हातातली रवी थांबली.

"हे रोज घालतोस?"

तो वळला नाही. "पहिल्या दिवसापासून."

"अरे, तुला जगायचं नाही का?" ती किंचाळलीच. "तिकडे डॉक्टर मला चोर ठरवतायत!"

"जगायचंय ना. मरायला मी घाबरतो, म्बिथे. यंत्रावर पडलो की दर वेळी घाबरतो." त्याने ओट्याची कड घट्ट धरली. "पण धाकटीच्या वेळी रक्ताच्या पिशव्या आणायला मी पळत होतो. दारातून तुझा चेहरा पाहिलाय मी. तू घाबरतेस हे मला कळत नाही होय? पण तुझ्या तोंडून मला 'नाही' यायचं नाही. लहानपणापासून नाही आलं. म्हणून म्हटलं, तुझ्या वतीने वजनालाच 'नाही' म्हणू दे."

म्बिथे दारातच खाली बसली. समोर त्याच्या टाचा होत्या. सुजून त्या चपलेत मावत नव्हत्या.

मग तिने पिशवीतून फोन काढला. नंबर दोनदा चुकला.

"डॉक्टर, म्बिथे बोलतेय. माझं नाव काढू नका."

मुसेम्बी एकदम वळला. आज दवाखान्यात काय झालं ते त्याला आत्ता उमगलं. तो तिच्याकडे बघतच राहिला. म्बिथेने नजर खाली घातली नाही.

पलीकडून डॉक्टरांनी विचारलं, "का? भीती गेली?"

"नाही," म्बिथे म्हणाली. "पण आता आम्ही दोघं मिळून घाबरू."