मुठीचं गाडगं

बहात्तरच्या दुष्काळातही दौंडजवळच्या त्या वस्तीतल्या ख्रिस्ती बाया चूल पेटवण्याआधी मूठभर ज्वारी गाडग्यात टाकत. आफ्रिकेतल्या तुर्काना लोकांमध्ये चाललेल्या मिशनच्या कामासाठी. दर रविवारी पाळक तिथल्या भुकेल्या लोकांसाठी प्रार्थना करत.

राहेलबाईची पोरगी उपासमारीनं गेली. मातीला आलेल्या पाळकांना घराच्या कोपऱ्यात काठोकाठ भरलेलं गाडगं दिसलं.

"बाई, घरात दाणे होते की."

"ती देवाची ज्वारी हाय, पाळकसाहेब. पोरीनं एकदा हात घातला व्हता त्यात." राहेलबाईनं गाडगं त्यांच्यापुढं सरकवलं. "तवा म्या तिला गुडघ्यावर बसवलं आन् तिकडच्या उपाशी लेकरांसाठी प्रार्थना करायला लावली."