चारचा फोन

भोसरीच्या कारखान्यातल्या कॉम्प्युटरला केयूरच्या ऑफिसातल्या मोडेमवरून आठवडाभर फोन लागतच नव्हता. दुपारी चारला सॉफ्टवेअर दहादा नंबर फिरवायचं आणि थांबायचं. केयूरनं ती मर्यादा वीसवर नेली, तरी तेच. शेवटी शेजारच्या टेबलावरच्या अवनीनं नंबर तपासला, तर एक आकडा चुकलेला! ओशाळून केयूरनं त्या चुकीच्या नंबरावर स्वतः फोन लावला. एका आजींनी उचलला.

“माफ करा आजी, रोज दुपारी आमचा कॉम्प्युटर तुम्हाला फोन करत होता. आता नाही करणार.”

“असं कसं? चारला आमच्या नळाला पाणी येतं. त्याच्या भरवशावर मी गजर लावणं सोडलंय.”

“मग... चालू ठेवू?”

“ठेवा. पण एकदाच कर म्हणावं त्याला. वीसवीसदा उठवायला मी कुंभकर्ण नाही.”