खरं वाटावं म्हणून

"अशी पाहुण्यासारखी काय बसतेस? नीट टेकून बस," बाई म्हणाल्या आणि मनातल्या मनात सावध झाल्या.

समोर सोफ्यावर त्यांचं शेंडेफळ बसलं होतं. मानववंशशास्त्र शिकवण्यात बाईंची उभी हयात गेली. त्यांच्या हाताखालून गेलेली ही शेवटची विद्यार्थिनी, म्हणून विभागात सगळे तिला शेंडेफळच म्हणायचे. आज ती गप्पा मारायला आली नव्हती. विसरभोळेपणाच्या आजाराने ग्रासलेल्या म्हाताऱ्यांना दिवसभर सांभाळणारं एक केंद्र होतं. त्याचं मूल्यमापन तिच्याकडे आलं होतं. मुलाखतींसाठी घरं चिठ्ठ्या टाकून निवडली होती आणि त्यात बाईंचं घर निघालं.

बाईंचे यजमान रोज सकाळी त्या केंद्रात जात आणि संध्याकाळी परत येत. मधले तास बाईंचे. तेवढ्यात त्या अंघोळ करत, दोन घास बसून खात, जरा आडव्या होत. एरवी नवरा सतत मागे मागे. गॅस सुरू करून विसरेल, दार उघडून चालू लागेल, बायकोलाच "आपण कोण?" म्हणून विचारेल. हे तास गेले तर आपण दोघंही फार दिवस तग धरणार नाही, हे बाईंना स्वच्छ दिसत होतं. आणि केंद्राचं अनुदान चालू ठेवायचं की नाही, ते या पोरीच्या अहवालावर ठरणार होतं.

दुसरी कुणी असती तर तोंडभर कौतुक करून मोकळी झाली असती. पण बाई पडल्या मुरलेल्या. कितीतरी योजनांची मूल्यमापनं त्यांनी स्वतः केलेली. ज्याचं योजनेवाचून अडतं तो तिला नावं ठेवत नाही, तेव्हा त्याच्या कौतुकाला फार भाव द्यायचा नाही, हे त्यांनी पोरांच्या डोक्यात घोटून घोटून भरलं होतं. म्हणून त्यांनी वेगळाच बेत केला. कौतुक खरं वाटायचं तर सोबत एखादी तक्रार हवी. चिमूटभर, मिठाइतकी.

केंद्राची गाडी कधीकधी उशिरा येते, असं त्यांनी म्हणून पाहिलं. शेंडेफळाच्या चेहऱ्यावरची रेष हलली नाही. मग त्या म्हणाल्या, दुपारी तिथे कामाला असलेल्या बायकांचं म्हाताऱ्यांकडे जरा दुर्लक्षच होतं. म्हणजे नेमकं काय होतं, पोरीने विचारलं. म्हणजे एकदा बाई यजमानांना लवकर आणायला गेल्या, तर ते आपले एकटेच खुर्चीत. बरं, मग? पोरगी विचारत छान होती. घाई नाही, तोंडात शब्द कोंबणं नाही. बाईंना तिचं कौतुक वाटलं, आणि त्या भरात, उत्तराला बारकावा हवा म्हणून त्या बोलून गेल्या, "पॅन्ट ओली होती गं. कधीची, कोण जाणे. कुडकुडत होते."

बारकावा अस्सल होता. फक्त तो केंद्रातला नव्हता. ते झालं होतं केंद्राच्या सुट्टीच्या दिवशी, याच घरात, बाईंचा डोळा लागला तेव्हा.

त्यानंतर बाईंनी केंद्राची भरपूर स्तुती केली. केंद्र आहे म्हणून मी जिवंत आहे, असंसुद्धा सांगितलं, आणि त्यातला शब्दन् शब्द खरा होता. शेंडेफळ मान डोलवत राहिली. चहा पिऊन, बाईंचा हात हातात घेऊन ती निघाली. दार लावून बाई स्वतःवरच खूश झाल्या. इतकं बेमालूम उत्तर अख्ख्या नोकरीत त्यांना कुणी दिलं नव्हतं.

पुढे काही आठवड्यांनी तिचाच फोन आला. अनुदान थांबतंय, महिनाअखेरीला केंद्र बंद होणार, हे बाईंना बाहेरून कळू नये म्हणून तिने स्वतःहून केला होता. बाकी सगळ्या घरांतून नुसतं 'छान आहे, छान आहे' आलं, म्हणाली, आणि त्याला किती अर्थ असतो ते तुम्हीच शिकवलंत. केंद्राने कानावर हात ठेवले, ते तर ठेवणारच. सगळ्यांत खरं बोललात त्या तुम्ही एकट्या. अख्खा अहवाल तुमच्या त्या प्रसंगावर उभा आहे, बाई. दुपारच्या पाळीतल्या दोघींना कालच घरी बसवलं.

त्याच दोघी यजमानांना हाताला धरून गाडीतून उतरवायच्या, आजोबा आजोबा करत घास भरवायच्या. लाज, पश्चात्ताप, स्वतःच्या शहाणपणाची शिसारी, सगळं एकदम दाटून आलं.

"अगं, ऐक. मी खोटं बोलले," त्या म्हणाल्या. "ते केंद्रात झालंच नाही. इथे झालं, माझ्या घरात. मला झोप लागली होती. हे सगळं लिही. माझ्या नावानिशी लिही."

मग शेंडेफळ बोलली. आवाज हळू, मायेचा, भेदरलेल्या माणसाशी बोलताना काढायला बाईंनीच शिकवलेला.

"बाई, केंद्रातून कुणी दबाव आणलाय का तुमच्यावर? असं सगळं स्वतःवर घेऊ नका. आणि अजिबात घाबरू नका, तुमचं नाव मी कुठेही येऊ देणार नाही."