उतरेपर्यंत

"ट्रिप संपली होती," विमा कंपनीचा अधिकारी म्हणाला. "गाडी थांबली, तुम्ही फोनवर ट्रिप बंद केली आणि मग धडक बसली. आमचा विमा प्रवासी उतरेपर्यंतचा. त्यापुढचं आमच्या गळ्यात कसं घालता?"

ड्रायव्हरने प्लास्टरमधला पाय समोरच्या खुर्चीवर टेकवला होता. शेजारी बायको एक्स-रेची पिशवी छातीशी धरून बसली होती. त्याच्या स्वतःच्या गाडीच्या विम्याने आधीच हात वर केले होते: भाडं मारत होतात ना, मग टॅक्सीच्या ॲपवाल्यांकडे जा. ॲपवाल्यांचा विमा म्हणत होता: ट्रिप संपली ना, मग घरी जा. ठोकून पळालेली व्हॅन कुणाला सापडलीच नाही. आणि डॉक्टर सांगत होते, गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन लांबवू नका, पाय कायमचा आखडेल.

टेबलाच्या टोकाला, आपल्या चाकांच्या खुर्चीत, ताई बसल्या होत्या. साक्षीदार म्हणून. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवायचं त्यांचं काम. दुकानात जायला बहुतेक सकाळी याचीच गाडी यायची, कारण हा दोन गल्ल्या पलीकडेच राहायचा. माणूस सरळ. गाडी स्वच्छ. बोलणं मोजकं. पण त्याची एक सवय ताईंना खटकायची. दुकानापुढे गाडी पुरती थांबते न थांबते तोच तो फोनवर बोट दाबायचा. 'आपली ट्रिप संपली' असं फोन बोलायचा आणि मगच हा डिकीतून खुर्ची काढायला उतरायचा. जणू पुढचं भाडं पळूनच चाललंय! ताईंनी घरी त्याचं नावच 'लगीनघाई' ठेवलं होतं. धाकटी बहीण विचारायची, "काय गं ताई, आज लगीनघाईच आला होता का?" आणि दोघी खळखळून हसायच्या.

त्या सकाळीही तसंच झालं. फोन बोलला, ड्रायव्हर उतरला, डिकी उघडल्याचा आवाज आला. आणि मागून असा काही दणका बसला की ताईंचं डोकं पुढच्या सीटवर आपटलं. टायर करकरले, व्हॅन निघून गेली. ताईंना मागे वळूनही पाहता येईना. फक्त त्याचं कण्हणं ऐकू येत होतं. लोक धावले, त्याच्याभोवती जमले. तेव्हा रस्त्यावर पडल्या पडल्या तो ओरडला होता, "मला राहू द्या! आत ताई आहेत. त्यांना आधी काढा, त्यांना एकटीला उतरता येत नाही."

ती हाक ताईंच्या कानातून गेली नव्हती. तिच्यासाठीच त्या आज दुकानातून रजा काढून आल्या होत्या.

अधिकारी तसा वाईट माणूस नव्हता. त्याने एक्स-रे पुन्हा उजेडात धरून पाहिला, कपाळ चोळलं, मग ताईंकडे वळला.

"ताई, तुम्हाला काय आठवतं? तुम्ही उतरलात आणि मग आवाज आला. असंच ना?"

"उतरले?" ताई म्हणाल्या. "मी कशी उतरणार?"

"म्हणजे?"

"साहेब, तुम्ही गाडीतून उतरता तेव्हा तुमचे पाय तुमच्याजवळच असतात. माझे पाय डिकीत होते. ते काढायलाच हा मागे गेला होता."

अधिकाऱ्याच्या हातातलं पेन थांबलं.

"धडक बसली तेव्हा तुम्ही गाडीतच होतात?"

"होते म्हणजे काय! खुर्ची चेपून गेली होती. शेवटी दुकानातल्या पोरींनी मला उचलून आत नेलं. तोवर मागच्या सीटवरच होते."

"हे आधी कुणी सांगितलं कसं नाही?"

"मला कुणी विचारलंच नाही हो. आणि याला विचारलं ते ट्रिप कधी बंद केली, एवढंच."

मग अधिकारी हसला, मनापासून, खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखा. "प्रवासी उतरेपर्यंत," तो स्वतःशीच पुटपुटला आणि लिहायला लागला.

दावा मंजूर झाला. ऑपरेशन झालं, गुडघा वाकू लागला, आणि वर्ष उलटायच्या आत तो पुन्हा स्टिअरिंगवर बसला. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी त्याच्या बायकोने उठून ताईंचे दोन्ही हात धरले. ड्रायव्हरने बसल्या जागेवरून हात जोडले.

"ताई, तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार कसले? होतं ते सांगितलं," ताई म्हणाल्या. मनात आलं, हा बिचारा हात जोडतोय आणि आपण घरी याला नावं ठेवतो.

अधिकाऱ्याने पेनाचं टोपण लावलं. "आता एक विचारू का? लिहून घेणार नाही. प्रवासी उतरल्यावरच ट्रिप बंद करायची, हा नियम तुम्हाला ठाऊक होता. मग एवढी घाई कशाला?"

ड्रायव्हर कानकोंडा झाला. ताईंकडे न बघता, अगदी हळू आवाजात म्हणाला, "पहिल्या दिवशी नियमानेच चालू ठेवली होती, साहेब. वेटिंगचे पैसे चढतील म्हणून ताईंनी खुर्चीत बसायची घाई केली, तोल गेला, कोपर फुटलं. तेव्हापासून आधीच बंद करतो. ट्रिप संपली हे कानावर पडलं, की मग त्या सावकाश उतरतात."